कुदळीचा खड्डा

खड्डा खोटा होता. त्यात उतरल्याबरोबर मला ते कळलं. गुडघाभर खोल, छान गोल, आणि कडांवर कुदळीचे ताजे घाव. आभाळातून पडणारा दगड येताना कुदळ घेऊन येत नाही, एवढं भूशास्त्र मला त्या वयातही येत होतं.

वर कडेला उंबरखोलची माणसं दाटीवाटीनं उभी होती. सगळ्यांच्या पुढे आबाजी. गावाचे शेवटचे सरपंच, डोक्याला पटका आणि अंगात कुणीतरी विणून दिलेला निळा स्वेटर.

"हितंच पडला," आबाजी म्हणाले.

"हितंच," मागून सगळ्यांनी री ओढली.

"पडताना कुणी पाहिला?"

हात वर झाले. शाळेत तपासणीला साहेब आल्यावर होतात तसे, एकजात सगळे.

"मग मला दाखवा, कुठल्या बाजूनं आला."

इथे पंचाईत झाली. एक हात पूर्वेला गेला, दोन पश्चिमेला, एका म्हातारबांनी सरळ डोक्यावर बोट केलं, आणि एक बाई आधी उत्तरेला दाखवून शेजारणीकडे बघत हळूच दक्षिणेला वळली. आबाजींनी मागे वळून अशी नजर टाकली की सगळे हात भराभर खाली आले.

"लई जोरात आला, म्याडम," ते म्हणाले. "बघायला सवड कुठली?"

मी खड्ड्यात उभी राहून घाम पुसला. डिसेंबर होता, तरी पुसला. माझी ही एकटीची पहिलीच कामगिरी होती, आणि अख्खं गाव माझ्या तोंडावर खोटं बोलत होतं. का, ते मात्र काही केल्या कळेना.

आदल्या आठवड्यात, भर सकाळी, त्या भागातल्या तीन तालुक्यांत तोफ उडाल्यासारखा आवाज झाला होता. आभाळात धुराची रेघ दिसली, आणि साळशेत-उंबरखोलच्या बाजूला काळा दगड सापडल्याची बातमी पुण्याला आमच्या संस्थेत पोचली. आमचे बर्वे सर खरं म्हणजे स्वतःच धावत सुटले असते, पण त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. साळशेतच्या दूध सोसायटीत फोन लावून पलीकडे जो कोण आला त्याला उल्का म्हणजे काय यावर भलंमोठं व्याख्यान दिलं, आणि मला एस.टी.त बसवलं.

"घैसास, दगड तर आणाच," निघताना ते म्हणाले, "पण जागा त्याहून महत्त्वाची. कुठे पडला आणि कुठल्या दिशेनं आला, एवढं नक्की कळलं की त्याची वाट उलटी काढता येते. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. तिथं जाऊन चिमूटभर माती आणायची म्हणजे केवढा खटाटोप! आणि हा दगड आपल्या पायांनी दारात आलाय. त्याला फक्त विचारायचं, बाबा रे, तुझं घर कुठलं?"

जागा चुकली की वाट चुकणार, आणि वाट चुकली की घर. शिवाय असे दगड सहसा एकटे पडत नाहीत. बाकीचे तुकडे कुठे शोधायचे तेही जागेवरूनच ठरतं. म्हणून तो कुदळीचा खड्डा माझ्या काहीच कामाचा नव्हता.

उंबरखोलला तेव्हा गाव म्हणायचं ते सवयीनं. खालच्या अंगाला धरणाची भिंत पुरी झाली होती आणि येत्या पावसाळ्यात पाणी अडवणार होते. माणसं तीन ठिकाणच्या वसाहतींत वाटली गेली होती. घरांची कौलं उतरवलेली, तुळया काढून नेलेल्या, भिंती तेवढ्या उभ्या. शेतं दोन वर्षांपासून पडीक. शाळेच्या भिंतीवर लाल टपालपेटी मात्र अजून टांगलेली होती, आणि एक पोस्टमन रोज येऊन ती इमानेइतबारे उघडत होता. मी आले त्या दिवशी ही सगळी पांगलेली माणसं ट्रॅक्टर करून खास मला खड्डा दाखवायला परत आली होती. कोण कशाला एवढी तसदी घेईल?

"दगड दाखवा," मी म्हटलं.

आबाजींच्या छपराविना उघड्या पडलेल्या ओसरीवर, पाटीत गोणपाट घालून दगड ठेवला होता. नारळाएवढा, काळाकुळकुळीत, आणि अंगावर मळलेल्या पिठात अंगठे रुतावेत तसे खळगे. पाहिल्याक्षणी मी पाटीपुढे गुडघे टेकले. पृथ्वी जमून यायच्या आधीपासूनचा हा दगड, आणि दोन कोंबड्या त्याच्याभोवती दाणे टिपत होत्या.

"कुणी धुतला नाही ना? हळदकुंकू वगैरे?"

"छ्या! तुमच्या सायबानं फोनवर बजावलं हुतं. कुनी हात लावला न्हाई," आबाजी म्हणाले. ते दगडाशेजारी असे बसले होते की जणू नातवाला दाखवायला डॉक्टरकडे आणलंय.

मी हातमोजे घालून दगड उलटा केला, भिंग लावलं आणि तिथंच थबकले. खालच्या खळग्यांत करड्या रंगाचे वाळलेले पोपडे चिकटले होते. शेणाचं सारवण. आणि त्यात रुतलेलं नाचणीचं भूस.

"आबाजी, यंदा उंबरखोलात नाचणी कुणी केली?"

"नाचनी? जिमिनी सरकारजमा. कोन करनार?"

"मग मळणीचं खळंही नसेल कुणाचं."

आबाजींचा हात पटक्याकडे गेला आणि तिथंच राहिला. मागची माणसं एकदम कोंबड्या हाकायला लागली. दोन कोंबड्यांना हाकायला पंधरा माणसं.

मी चिडले. तेव्हा माझं वय चिडायचंच होतं. "हे बघा, तुम्ही खरी जागा सांगितली नाहीत तर मी दगड नेईन आणि 'कुठे पडला माहीत नाही' असं लिहून टाकीन. मग बसा!"

आबाजींचा चेहरा पडला. "म्हंजे मग नावाचं कसं?"

"कसलं नाव?"

ते पाटीतलं गोणपाट सारखं करायला लागले. मला वाटलं, पेपरात नाव यायला हवंय यांना. मनातल्या मनात मी नाक मुरडलं आणि दगड माझ्या पेटीत कापसात बसवला.

संध्याकाळी चढ चढून साळशेतला आले. रस्ता तिथं संपतो, एस.टी. तिथूनच फिरते, म्हणून माझ्या मुक्कामाची सोय तिथं केरबा पोवारांकडे केलेली होती. धरणाचं पाणी साळशेताच्या पायथ्याशी येऊन थांबणार होतं. वरचं गाव शाबूत. वाटेत भेटेल त्याला मी विचारत गेले, त्या दिवशी काय पाहिलंत?

"काय न्हाई बा. झोपलो हुतो."

दुसरा, "डोळा लागला हुता."

दूध सोसायटीतला सेक्रेटरी म्हणाला, "आमी समदी झोपलो हुतो."

"सकाळी अकरा वाजता?"

"व्हय. थंडी हुती."

आवाजानं तीन तालुक्यांतल्या म्हशी दावी तोडून पळाल्या, आणि हे गाव अकरा वाजता ठार झोपलेलं! खाली सगळ्यांनी पाहिलेलं, वर कुणीच नाही. आणि दोन्हीकडचे चेहरे मात्र सारखेच निष्पाप.

केरबांच्या दारावर निळ्या रंगात हौसेनं लिहून घेतलं होतं, 'केरबा रामा पोवार, मु. साळशेत, पो. उंबरखोल.' आत त्यांची बायको हौसाक्का भाकरी थापत होती. साठीला टेकलेली, काटक, आणि तिकडच्या बायका बोलतात तशी 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. आबाजींची ती थोरली बहीण, उंबरखोलची लेक. हे सेक्रेटरीनं मला वाटेतच सांगितलं होतं, पण मी लक्ष दिलं नव्हतं. दगडाच्या कामात नात्यागोत्याचा काय संबंध?

केरबा भिंतीला टेकून बसले होते, तळहात वर करून. दोन्ही तळहातांना फोड आलेले.

"काय झालं हाताला?"

"झोपलो हुतो," केरबा म्हणाले.

हौसाक्कानं तव्यावरून मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरीकडे. मला जेवायला वाढून ती समोर बसली. "आता त्याचं काय करनार तुमी?"

"दगडाचं? पुण्याला नेणार. एक बारीक चकती कापून तपासणार. बाकीचा जपून ठेवणार."

"हरवनार तर न्हाई तुमच्यातनं?"

"छे. काचेच्या कपाटात असतो. शंभर वर्षांपूर्वी पडलेले दगड आहेत अजून, चिठ्ठ्यांसकट."

"शंभर वर्सं," हौसाक्का म्हणाली. मग नवऱ्याला, "ऐकलं का वो? शंभर वर्सं."

केरबांनी मान हलवली आणि फोडांवर फुंकर घातली. मी कोरड्यास, म्हणजे तिकडचं कालवण, ओरपत होते, आणि माझ्या डोक्यात गोंधळ नुसता. पैसे कुणी मागितले नव्हते. दगड लपवला नव्हता, उलट हौसेनं हवाली केला होता. मग जागाच तेवढी का लपवायची? चोर चोरी करतो आणि माल परत देतो, पण कुठल्या घरातून उचलला ते सांगत नाही, असं कुठे असतं का? मी पडल्या पडल्या तर्क केले. खळ्यावर आभाळातून काही पडणं अपशकुनी असेल. भाऊबंदकी असेल. शेताच्या हद्दीचा तंटा असेल. प्रत्येक तर्क थोडा चालायचा आणि लंगडा पडायचा.

सकाळी उठून मी घरामागे गेले. साळशेतात यंदा नाचणी बरी झाली होती आणि दारोदार खळी होती, म्हणून पहिल्या खळ्यापासून एकेक बघत जायचं असं ठरवलं होतं. पहिलं खळं हौसाक्काचंच निघालं, आणि दुसऱ्याकडे जायची वेळच आली नाही. गोल, स्वच्छ, शेणानं सारवून वाळून करडं झालेलं. पण ऐन मधोमध एक परातीएवढा गोल ओला, हिरवा.

मी उकिडवी बसले. बोट दाबलं तर आत गेलं. खालची माती भुसभुशीत होती, भरून काढलेली. मी मनगटापर्यंत हात घातला आणि चिमटीत एक काळी कवची वर आली. नखाएवढी, एका बाजूनं काळी, एका बाजूनं राखेच्या रंगाची. माझ्या पेटीतल्या दगडाचाच टवका.

"हात घान हुतील. ते सारवन कालचं हाय."

मागे हौसाक्का शेणाची पाटी घेऊन उभी होती.

"अक्का, दगड इथं पडला."

मला वाटलं, आता ही पण म्हणेल झोपलो होतो. तिनं पाटी खाली ठेवली. "व्हय," म्हणाली.

इतकं सरळ उत्तर आलं की पुढचा प्रश्नच मला सुचेना. "मग... खाली खड्डा?"

"तो ह्यांनी काढला." तिनं पडवीकडे हात केला. तिथं केरबा तंबाखू मळत होते. "येवढा गोल काढू नगासा म्हनलं हुतं मी. ऐकत्यात कुठं! हीर पाडाय बसल्यागत पाडला."

"मी झोपलो—" केरबांनी सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या आता," हौसाक्का म्हणाली, "कळलंय तिला."

ती खळ्याच्या कडेला बसली आणि मला शेजारी बसायची खूण केली. "मी नाचनी पाखडत हुतो. हितं, ह्या बाजूला. वर गडगडलं, मग सूंऽऽ करत आलं आन् धप्पकन हितं बसलं. धा हातांवर. मी सूप टाकून पळालो. मग परत आलो, बघितलं तर नुसता दगड. बोट लावून बघितलं, गार. ह्यांनी पाटीत घातला. त्येच दिवशी न्हाई, चार दिवसांनी तुमच्या सायबाचा फोन आला सोसायटीत. आबा दगड बघाय माझ्याकडं आला हुता, तिथं बसला हुता, म्हनून आबानं घेतला."

"हो, सरांना फोनवर भेटेल तो चालतो."

"त्यानी आबाला काय काय सांगितलं. आबाला निम्मं कळलं न्हाई. पर एक कळलं. दगड ज्या गावात पडतोय त्या गावाचं नाव त्याला लागतंय. जगातल्या समद्या पुस्तकांत तेच नाव. आन् ते कधी बदलत न्हाई. खरं काय?"

"खरं."

"मग?" हौसाक्का म्हणाली.

मी हातातली कवची रुमालात ठेवली.

"साळशेताला काय धाड भरलीया? साळशेत हाय तिथं ऱ्हानार. यष्टी यील, सोसायटी हाय, देऊळ हाय. माझ्या म्हायेराचं काय ऱ्हानार, सांगा. सात लंबर वसाहत, नऊ लंबर वसाहत, बारा लंबर वसाहत. आबा सातात, धाकटा बारात. परवा धाकट्याच्या नातवाला इचारलं, गाव कुठलं रं तुझं? म्हनतोय, बारा लंबर." तिनं पदरानं नाक पुसलं. "लंबर कुनाचं गाव असतंय व्हय?"

खालच्या दरीत उंबरखोलच्या बिनछपराच्या भिंती उन्हात उघड्या दिसत होत्या. मला माझ्या कालच्या नाक मुरडण्याची आठवण झाली आणि बरं वाटलं नाही.

"पण अक्का, पडला तुमच्या खळ्यावर. म्हणजे तो तुमचाच की."

"तितंच घोडं अडलं न्हवं का!" ती एकदम सावरून बसली, हिशेबी बाईसारखी. "माझा म्हनला तर मी कोन झालो? त्याची आई. आन् आईला कधी नाव ठिवायला मिळतंय? बारशाला नाव आत्या ठिवती. म्हंजे माझी नणंद, ह्यांची भैन. ती ठिवंल की साळशेत. तिचं म्हायेर, ती का सोडंल? मग मी इचार केला. आई व्हायचंच न्हाई. दगड आबाचा. उंबरखोलच्या घरात आलेला. मग मी कोन? आत्या." तिनं छातीवर हात ठेवला. "आता नाव माझ्या तोंडानं."

मी खनिजं ओळखायला शिकले होते, उल्कांचे प्रकार शिकले होते, कुठल्या दगडाचा जनक कुठला लघुग्रह तेही थोडंफार शिकले होते. पण दगडाची आत्या कोण हे ठरवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. हसावं की रडावं ते कळेना, आणि बहुतेक मी दोन्ही केलं.

"आणि साळशेतचे लोक गप्प बसले? त्यांच्या गावाचं नाव जात असताना?"

"हितल्या निम्म्या सुना उंबरखोलच्या," हौसाक्का म्हणाली. "न्हाई म्हनून जातील कुठं? भाकरी खायाची हाय न्हवं घरात?"

पडवीतून केरबा खाकरले. त्याचा अर्थ होकार होता.

मी डोळे पुसले. आता माझी खरी पंचाईत सुरू झाली होती. "अक्का, मला खोटी जागा लिहिता येणार नाही. जागा खोटी लिहिली तर दगड कुठून आला ते कधीच कळणार नाही. त्याच्या घराची वाटच चुकेल."

हौसाक्कानं त्या ओल्या गोलावरून हात फिरवला. "आन् खरी लिवली," ती म्हणाली, "तर त्याचं घर सापडतंय, आन् आमचं जातंय."

मी उठले आणि सोसायटीत जाऊन पुण्याला फोन लावला. तो लागेपर्यंत दुधाचं संकलन संपलं, गर्दी मात्र हलली नाही. किटल्या हातात धरून सगळं साळशेत माझ्या तोंडाकडे बघत उभं. काल झोपलेली ती सगळी माणसं आज टक्क जागी होती.

सरांना मी सगळं सांगितलं. खड्डा, खळं, आत्या, सगळं. सरांनी मध्ये एकदाही व्याख्यान सुरू केलं नाही. असं पहिल्यांदाच होत होतं.

"जागा खरीच लिहायची, घैसास."

"हो, सर."

"खळ्यावरची. मोजून."

"हो, सर."

"आता नाव. तुमच्या त्या साळशेतला पोस्ट आहे?"

"पोस्ट?"

"अहो, जुना रिवाज आहे. उल्केला जवळच्या पोस्टाचं नाव देतात. शेताचं, खळ्याचं नाव परदेशात कुणाला सापडणार? मी फोनवर त्यांना गावाचं नाव म्हणालो, सोपं करून. साळशेतला पोस्ट आहे की नाही?"

मी वर पाहिलं. समोर भिंतीवर सोसायटीची पाटी होती. मी ती कालपासून तीनदा वाचली होती, केरबांच्या दारावर तेच वाचलं होतं, आणि डोळे असून आंधळी होते. मी मोठ्यानं वाचलं, "मुक्काम साळशेत, पोस्ट उंबरखोल."

"मग झालं तर," सर म्हणाले. "पोस्ट चालू आहे ना?"

"चालू आहे, सर. मार्चअखेर बंद होणार म्हणतात."

"दगड डिसेंबरात पडलाय. मग त्या लोकांनी कुदळ मारली कशाला?"

मी फोन ठेवला आणि लोकांना सांगितलं. दगड साळशेतला पडला असंच लिहिणार, आणि नाव उंबरखोलच लागणार. पत्त्यामुळे. पुण्याहून परदेशातल्या समितीकडे प्रस्ताव जाईल, तिनं मान्य करायला हवं, पण सरांना खात्री आहे. आधी कुणाला कळलंच नाही. मग सेक्रेटरीनं पाटीकडे बोट केलं, आणि एकेक मान तिकडे वळली. पिढ्यान्पिढ्या प्रत्येक पत्रावर, प्रत्येक मनीऑर्डरीवर त्यांनीच लिहिलेलं.

केरबांनी आपले तळहात उघडून पाहिले. "म्हंजे काखंत कळसा," ते म्हणाले, "आन् गावाला वळसा."

मला भेटल्यापासून 'झोपलो हुतो' सोडून ते बोललेलं हे पहिलं वाक्य. पण मग ते थांबेचनात. मला हाताला धरून खळ्यावर घेऊन गेले आणि सगळं दाखवलं. धुराची रेघ पलीकडच्या कातळाच्या सड्यावर कुठे सुरू झाली, फणसाच्या कुठल्या फांदीमागे गेली, म्हैस कुठे बांधली होती आणि ती कुठल्या बाजूला उधळली. सगळं गाव जागं होऊन साक्ष द्यायला आलं, आणि आता सगळे हात एकाच दिशेला. त्या दिशेवरून पुढे सरांनी दगडाची वाट काढली, आणि ती लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पोचली. ओढ्याकाठी आणखी दोन तुकडेही सापडले.

पण त्या दिवशी दुपारी निघायची मी घाई करत असताना हौसाक्का दारात आडवी आली.

"असा कसा नेता? नाव ठिवल्याबिगर?"

"नाव ठरलं की, अक्का."

"ठरलं. ठिवलं कुठं?"

तोवर निरोप जाऊन आबाजी वर आले होते, त्यांच्यामागे रात्री खालीच राहिलेली सगळी माणसं. घरात लुगड्याची झोळी टांगलेली होती आणि चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या. मी शपथेवर सांगते, मी विरोध केला. दगडाला तेल, हळद, कुंकू काही लागता कामा नये, हात लागता कामा नये, असं मी तीनतीनदा म्हटलं. त्यांनी सगळं मान्य केलं. कुंकू माझ्या पेटीच्या झाकणाला लावलं. दगड मीच हातमोजे घालून स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि झोळीत ठेवला. बायकांनी झोळीला एकेक झोका दिला. ज्यांनी काल माझ्यासमोर हात वर केले होते त्याच ह्या बायका, पण आज कुणी शेजारणीकडे बघत नव्हतं.

हौसाक्का नवं लुगडं नेसून आली. झोळीवर वाकली आणि तशीच थांबली. वळून मला म्हणाली, "कान कुठला त्याचा?"

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. माणसानं कधी विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न असावा तसा मी त्याचा विचार केला. मग फडकं जरा बाजूला केलं आणि त्याच्या अंगावरचा एक खोलगट खळगा दाखवला. हवेतून येताना वितळून पडलेला. "हा."

तिनं तोंड अगदी जवळ नेलं. "कुर्रर्र," म्हणाली. मग हळू आवाजात नाव सांगितलं. घरात इतकी शांतता होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं. आबाजींनी पटका काढून तोंडावर धरला. पण हौसाक्का वाकलेलीच राहिली आणि आणखी काहीतरी पुटपुटत होती, बराच वेळ.

"काय सांगितलंत एवढं?" मी विचारलं.

"तुमास्नी कशाला? आत्याभाच्याचं बोलनं हाय ते."

संध्याकाळच्या एस.टी.ला मला पोचवायला दोन्ही गावं आली. घुगऱ्यांचा पुडा, नाचणीचं पीठ, एक भोपळा, आणि पेटी. कंडक्टर तिकडचाच होता. गाडी वळणावर आली तेव्हा खाली दरीत शाळेची भिंत आणि तिच्यावरची लाल पेटी दिसली आणि मागे पडली. तो तिकिटं फाडत माझ्यापाशी आला आणि त्यानं झाकणावरच्या कुंकवाकडे पाहिलं.

"काय हाय वो पेटीत?"

"उंबरखोल," मी म्हटलं.

त्यानं खिडकीतून खाली पाहिलं, मग पेटीकडे. तिकिटाचे सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले.

"नीट धरा," तो म्हणाला. "फुडं रस्ता खराब हाय."

मी पेटी मांडीवर घेतली.